‘श्रमसाफल्य’मधलं को-लिव्हिंग

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. राहायला स्वस्तातलं हॉस्टेल घ्यायचं आणि ते हॉस्टेल श्रीमंतांच्या वस्तीत असायला हवं, एवढं केलं की पुरतं. बाकीचं काम वस्ती करते. सुट्टीला सायखेड्याला घरी गेले की आई विचारते, "नाशकात बरं चाललंय ना?" मी "हो" म्हणून ताट पुढे ओढते. कारण एक किस्सा सांगितला की दुसरा आठवतो, दुसऱ्यावरून तिसरा, आणि भाकरी गार होते. तुम्ही जेवून बसला असाल तर ऐका.

मी वैशाली. कॉलेज रोडवरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, म्हणजे दिवसभर लोकांचं रक्त काढते. राहते गंगापूर रोडच्या आतल्या बाजूच्या एका गल्लीत. गल्ली अशी की प्रत्येक बंगल्यासमोर दोन-दोन गाड्या, प्रत्येक गेटवर कुत्र्यापासून सावध राहण्याची पाटी, आणि रस्त्याने पायी जाणारं कुणी दिसलंच तर ती कामवाली असते नाहीतर आमच्यापैकी कुणीतरी.

आमच्या बंगल्याचं नाव ‘श्रमसाफल्य’. श्रम नितीन सरांच्या वडिलांनी केले, साफल्य नितीन सरांना मिळालं. वडील गेल्यावर सरांनी आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे रेखा मॅडमनी, वरच्या मजल्यावर लोखंडी बंकबेड टाकून मुलींचं हॉस्टेल सुरू केलं. आमच्या खोलीत चौघींची सोय आहे. कायमच्या तिघी: मी, सटाण्याची संगीता आणि इगतपुरीची प्रज्ञा. चौथ्या बेडवर मुलगी येते आणि थोड्याच दिवसांत शहाणी होऊन निघून जाते.

* * *

पहिल्या दिवशी मी मॅडमना विचारलं, "हॉस्टेलचे नियम काय आहेत?"

मॅडमनी डोळे मिटून घेतले. जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते.

"हॉस्टेल नाही म्हणायचं," त्या म्हणाल्या. "को-लिव्हिंग स्पेस."

"म्हणजे?"

"म्हणजे इथे तुम्ही नुसत्या राहत नाही. एक लाइफस्टाइल शेअर करता."

काय काय शेअर करायचं ते हळूहळू कळत गेलं. एक बाथरूम, एक गीझर आणि इस्त्रीसाठी एक प्लग, तोही वळवून धरला तर चालणारा.

फोनवर मॅडमनी सांगितलं होतं की खोली गार्डन फेसिंग आहे. मी खिडकी उघडली तर समोर हात लांब केला की लागेल अशी, थेट वरच्या मजल्यापर्यंत चढवलेली कंपाउंडची भिंत, तिच्यावर पेरलेल्या बाटल्यांच्या काचा.

"मॅडम, गार्डन कुठे आहे?"

"भिंतीच्या पलीकडे. नलिनीकाकूंचं. गुलाबांना बक्षिसं मिळालीयेत त्यांच्या."

म्हणजे खोलीचं तोंड गार्डनकडेच होतं. मध्ये भिंत आली, त्याला मॅडम काय करणार?

याच नलिनीकाकूंचा पहिल्याच आठवड्यात मॅडमना फोन आला. आम्ही बाल्कनीत कपडे वाळत घातले होते. मॅडम धापा टाकत वर आल्या.

"मुलींनो, बाल्कनीत कपडे नकोत. एरियाला शोभत नाही."

"मग घालायचे कुठे?" संगीताने विचारलं.

"खोलीत. फॅन दिलाय की."

त्यानंतरचा सगळा पावसाळा आम्ही ओल्या सलवारींच्या खाली झोपून काढला. टॉवेलला जो वास यायचा तो मी लॅबमध्येही कधी घेतलेला नाही. प्रज्ञा शाळेत शिकवायला जाताना रोज अंगावर इतकं सेंट मारायची की मुलांनी तिचं नाव ‘अगरबत्ती मिस’ ठेवलं.

ऊन पडायला लागल्यावर एका सकाळी संगीता बाल्कनीतून पाहतच राहिली. काकूंच्या बाल्कनीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साड्या लटकत होत्या. रेशमी, जरीच्या, दोन पैठण्या, आणि कडेला काकांच्या लोकरी पँटी, आतून घालायच्या. संगीता खाली जाऊन मॅडमना हाताला धरून वर घेऊन आली आणि तिने समोर बोट दाखवलं.

मॅडमनी नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "ते वाळत घातलेलं नाहीये गं. ते एअरिंग आहे."

* * *

नितीन सर काय काम करतात हे त्यांच्या घरात कुणालाच नक्की माहीत नाही. ते स्वतः सांगतात की ते ‘माइंडसेट’वर काम करतात. रविवारी सकाळी हॉलमध्ये त्यांचं सेशन असतं. बाहेरचे लोक फी भरून येतात आणि हॉल रिकामा दिसू नये म्हणून आम्हा मुलींना मागच्या खुर्च्यांवर बसवतात. कॅमेरा लावलेला असल्यामुळे जांभई देता येत नाही.

सरांचा आवडता विषय भीती. "भीती नावाची गोष्ट अस्तित्वातच नसते. ती तुम्ही रोज सकाळी उठून निवडता." हे वाक्य झालं की ते थांबतात आणि सगळ्यांच्या डोळ्यांत बघतात. मला ते झेपत नसे, म्हणून मी माझ्या बुटांकडे बघायचे.

एकदा डॉक्टरांनी सरांना शुगर तपासायला सांगितली. मॅडम म्हणाल्या, आपल्याकडेच घरचं माणूस आहे, लॅबमध्ये कशाला जायचं? घरचं माणूस म्हणजे मी. एरवी मी ‘वरच्या मुली’ असते. मी सामान घेऊन खाली गेले. सर सोफ्यावर पाठ सरळ ठेवून बसले होते. समोरच्या भिंतीवर त्यांचाच फोटो, दोन्ही हात पसरलेला.

मी दंडाला पट्टा बांधला. सर म्हणाले, "वैशाली, बॉडी आणि माइंड वेगळे असतात. मला यातलं काहीच जाणवणार नाही."

"हो सर. मूठ आवळा."

मी सुईचं टोपण काढलं. फक्त टोपण. सुई अजून त्यांच्या हाताजवळही गेली नव्हती. सर डावीकडे कलले, मग आणखी कलले, आणि सोफ्याच्या हातावर मान टाकून आडवे झाले. मॅडमनी असा टाहो फोडला की वरून प्रज्ञा आणि संगीता धावत आल्या. मी पाय वर उचलून धरले, संगीताने तोंडावर पाणी मारलं, प्रज्ञा वर्तमानपत्राने वारा घालायला लागली. थोड्या वेळाने सरांनी डोळे उघडले, आमच्या तिघींकडे आळीपाळीने बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "मला का उठवलंत? किती डीप मेडिटेशनमध्ये गेलो होतो."

पुढच्या रविवारी सेशनमध्ये त्यांनी हाच अनुभव सांगितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरा होता, म्हणून आम्हीही वाजवल्या.

* * *

शनिवार-रविवारी मॅडम खालच्या दोन खोल्या मुंबईच्या पाहुण्यांना देतात. हे पाहुणे सकाळी त्र्यंबकेश्वरला जातात आणि संध्याकाळी वाइन प्यायला. दोन्हीकडे सारखीच श्रद्धा असते, दोन्हीकडचे फोटो सारख्याच चेहऱ्याने काढतात.

मॅडमना कुणीतरी सांगितलं की पाहुण्यांना आता नुसती खोली चालत नाही, ‘लोकल इंटरॅक्शन’ लागतं. मॅडमनी मला बोलावलं. "तू खेड्यातली आहेस ना? जरा गप्पा मार त्यांच्याशी. गावाचं वगैरे सांग."

खाली एक बाई आणि त्यांचे मिस्टर बसले होते. दोघांच्या अंगावर चुरगळलेले पांढरे कपडे, पण ते मुद्दाम चुरगळलेले घेतलेले असतात हे मला संगीताने नंतर सांगितलं.

बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे अजून चुलीवर स्वयंपाक करतात ना?"

"गॅसवर करतात."

"पण जातं असेल घरात?"

"आहे. त्याच्यावर टीव्ही ठेवलाय."

बाईंचा चेहरा पडला. "आणि आई? नऊवारी नेसते?"

"घरी गाऊन घालते. बाहेर कुणी आलं की वर टॉवेल घेते."

मिस्टर मदतीला धावले. "पण गावात स्ट्रेस नसतो. ते मात्र मानावं लागेल."

"असतो ना," मी म्हटलं. "माझा चुलतभाऊ पोलीस भरतीत धावताना पडला तेव्हापासून त्याला झोपेच्या गोळ्या चालू आहेत."

मॅडमनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "अगं वैशाली, ते एवढ्या लांबून आलेत. इतकं खरं कशाला सांगायचं?"

त्याच्या पुढच्या शनिवारी मॅडमनी संगीताला खाली पाठवलं. संगीता माझ्यासारखी बावळट नाही. ती मांडी घालून बसली, डोक्यावरून ओढणी घेतली, हात जोडले, आणि ओवीच्या चालीवर अहिराणीत काहीतरी म्हणायला लागली. पाहुण्यांनी मोबाइल काढले. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडम दारात उभ्या राहून मान डोलवत होत्या.

वर आल्यावर आम्ही विचारलं, "काय म्हणत होतीस?"

"मॅडमच्या वरणाबद्दल सांगत होते," ती म्हणाली. "डाळ कुठल्या गावी गेली, आणि पाणी एकटंच घरी कसं आलं."

* * *

माझे आप्पा एकदा सायखेड्याहून भाजी घेऊन आले. मुलींना भेटायला आलेल्या पुरुषांना गेटच्या आत येऊ देत नाहीत, मग ते वडील असले तरी. नियम आहे, ठीक आहे. आप्पा गेटबाहेर सावलीला पोतं ठेवून उभे राहिले. धोतर-टोपीतला माणूस त्या गल्लीत नुसता उभा राहू शकत नाही हे आप्पांना माहीत नव्हतं. मी चप्पल घालून जिना उतरेपर्यंत त्यांना दोनदा हटकून झालं होतं. एकदा शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनने, एकदा कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका काकांनी.

मी खाली पोचले तेव्हा एक बाई पोत्यात हात घालून मेथीची जुडी वरखाली करत होत्या. चालण्याचे बूट, कानात वायर, कपाळावर पट्टा. कुठल्या बंगल्यातल्या ते मला आजही माहीत नाही.

"कशी दिली?" बाईंनी विचारलं.

"द्यायची नाय बाई," आप्पा म्हणाले. "पोरीसाठी आणलीय. इथंच ऱ्हाती ती."

बाईंना ते ऐकू गेलं नसावं. किंवा या गल्लीत राहणाऱ्या मुलीचा बाप असा असतो हे त्यांच्या डोक्यात शिरलं नसावं. त्यांनी एक पान तोडून हुंगलं. "ताजी वाटत नाही."

"आज सकाळीच उपटलीय."

"फवारणी केलेली असेल. आम्ही फक्त ऑरगॅनिक घेतो. ही ऑरगॅनिक आहे का?"

आप्पांनी त्यांच्या हातातून जुडी काढून घेतली, मुळांची माती झटकली आणि पोत्यात परत नीट लावून ठेवली.

"नाय बाई," ते म्हणाले. "ही नुसती मेथी हे."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चल, पोतं धर त्या बाजूनं. गाडीची वेळ व्हती हे."

* * *

संगीता एका मॉलमध्ये कॉस्मेटिक्सच्या काउंटरवर काम करते. तिथे जाताना ती जी होते ती आमच्या खोलीतली संगीता नसते. काळा कोट, घट्ट आंबाडा, आणि इंग्रजी असं की आम्ही आपलं बघत राहावं. हॉस्टेलवर मात्र ती फोनवर आईशी अहिराणीत बोलते, आणि सटाण्याची माणसं फोनवर बोलतात तशी बोलते, म्हणजे फोन नसता तरी सटाण्याला ऐकू गेलं असतं.

याबद्दल मॅडमकडे तक्रार आली. तक्रार गल्लीतल्या एका डॉक्टरांच्या बायकोची. "ती एक मुलगी आहे ना, काय गावंढळ भाषेत ओरडते. आमच्याकडे पाहुणे असतात." मॅडमनी संगीताला समजावलं की को-लिव्हिंगमध्ये ‘व्हॉइस टोन’ सांभाळायचा असतो. संगीता ऐकून घेते, वाद घालत नाही. पण त्या संध्याकाळी तिने आईला फोन केला नाही. नुसती बेडवर पाय लोंबकळवत बसून राहिली. प्रज्ञा म्हणाली, "लाव की फोन." ती म्हणाली, "नको, आईला हळू ऐकू येत नाही."

काही दिवसांनी त्याच डॉक्टरीणबाई तिच्या काउंटरवर आल्या. त्यांच्या घरी लग्न होतं. संगीताने त्यांना उंच स्टुलावर बसवलं, अर्धा चेहरा रंगवला, अर्धा तसाच ठेवला, म्हणजे फरक दिसतो. आणि सगळा वेळ इंग्रजीतून त्यांच्या स्किनबद्दल बोलत राहिली. बाई खूश झाल्या. आरशात बघत म्हणाल्या, "किती छान बोलतेस गं. नाशिकची वाटत नाहीस. पुण्याची का तू?"

संगीताने ब्रश खाली ठेवला, पुढे वाकली, आणि आईशी बोलते त्याच पट्टीत म्हणाली, "नई मॅडम, मी सटाणानी शे. तुमनाच गल्लीमा ऱ्हास."

मॉलमधली निम्मी माणसं वळून बघायला लागली. बाई उठल्या आणि निघाल्या. घाईत उरलेला अर्धा चेहरा करून घ्यायचा राहिलाच.

* * *

हा अगदी छोटा आहे.

गल्लीतल्या बंगलेवाल्यांची दर महिन्याला मीटिंग होते. तिथे निवृत्त इंजिनिअर असलेले एक काका दर वेळी एकच मुद्दा मांडायचे. रहिवासी भागात हॉस्टेल चालवणं बेकायदेशीर आहे, त्यामुळे भलतेसलते लोक येतात, आणि गल्लीचं कल्चर जातं. मॅडम मीटिंगहून आल्या की त्यांचं बीपी वाढलेलं असायचं. ते मीच मोजायचे. एकदा तर काकांनी महापालिकेत जाऊन तक्रारच केली, आणि आम्ही तिघी दुसरीकडे खोल्या शोधायला लागलो. कुठेच परवडत नव्हतं. संगीता तर म्हणाली, नोकरी सोडून घरी जाते, घरचे लग्नाचं बघतायतच.

मग कुंभमेळा जवळ यायला लागला. नाशकात ज्याच्याकडे म्हणून रिकामी खोली आहे त्याला स्वप्नं पडायला लागली. एका दुपारी तेच काका स्वतः आमच्या गेटशी आले. मॅडम घाबरून बाहेर गेल्या. मीही मागे उभी राहिले.

काकांनी इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "रेखाताई, हे तुमचे बंकबेड कुठे बनवून घेतलेत?"

* * *

आता प्रज्ञाचा सांगते.

प्रज्ञा आमच्यात सगळ्यात कमी बोलते. तिचे वडील इगतपुरीला रेल्वेत होते. ती एका इंग्रजी शाळेत गणित शिकवते. आधी रोज इगतपुरीहून जाऊन-येऊन करायची, पण घाटमाथ्यावरच्या पावसात गाड्यांचा भरवसा राहीना म्हणून इथे राहायला आली. नलिनीकाकूंची नात रिया तिच्याच शाळेत नववीत. गणितात कच्ची. काकूंच्या सुनेने प्रज्ञाला विचारलं, घरी येऊन शिकवशील का? प्रज्ञा जायला लागली. हॉलमधल्या मोठ्या टेबलावर बसून शिकवायची. काकू स्वतः चहा आणून द्यायच्या, चिवडा द्यायच्या, आणि जाताना एखादं गुलाबाचं फूलही. आमच्या खिडकीत ग्लासात ठेवलेलं ते फूल हेच आमचं गार्डन.

सहामाहीत रियाला चांगले मार्क पडले. काकू आनंदाने पेढे घेऊन टेबलाशी बसल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "तुझं पूर्ण नाव काय गं? नुसतं प्रज्ञाच माहीत आहे आम्हाला."

प्रज्ञाने नाव सांगितलं. वडिलांचं नाव सांगितलं. आडनाव सांगितलं.

"हे आडनाव दोन्हीकडे असतं ना?" काकू म्हणाल्या.

प्रज्ञाने रियाची वही मिटून बाजूला ठेवली.

"म्हणजे घरी गणपती वगैरे बसतो का तुमच्या?"

"नाही काकू. आम्ही बौद्ध आहोत."

"अगं, मी सहज विचारलं," काकू म्हणाल्या. "आम्ही तसलं काही मानत नाही."

दुसऱ्या दिवशी चहा कागदी कपात आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी चहा आलाच नाही, आणि खुर्च्या व्हरांड्यात मांडलेल्या होत्या. हॉलला रंग द्यायचाय, असं सांगितलं. त्या आठवड्याच्या शेवटी सुनेचा मेसेज आला की रियाला आता ऑनलाइन क्लास लावलाय, थँक्यू.

प्रज्ञाने आम्हाला हे सगळं एका दमात सांगितलं नाही. दोन-तीन दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी कळलं. संगीता चिडून म्हणाली, "जाऊन चार शब्द सुनावून येऊ का?" प्रज्ञा पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "कशाला? हॉलला खरंच रंग द्यायचा असेल." तो हॉल आमच्या गच्चीवरून दिसतो. त्याला आजतागायत रंग दिलेला नाही. एकदा रिया शाळेत तिच्यापाशी आली आणि म्हणाली, "मिस, मी आजीला विचारलं तुम्ही का येत नाही, तर ती म्हणाली तुम्हाला वेळ नसतो." प्रज्ञा तिला म्हणाली, "हो, नसतो." हे तिने आम्हाला खोलीत येऊन सांगितलं. मग ती बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून बसली.

उन्हाळ्यात रस्त्यांची कामं निघाली आणि खोदताना पाण्याची मोठी लाइन फुटली. गल्लीतलं पाणी बंद. टँकर आत यावा तर गल्लीच्या तोंडाशीच खड्डा. पहिल्या दिवशी बंगलेवाल्यांनी बाटल्यांचे खोके मागवले, दुसऱ्या दिवशी नातेवाइकांकडे अंघोळीला गेले, मग नातेवाईकही फोन उचलेनासे झाले. आख्ख्या गल्लीत जिवंत बोअर एकच, आमचा. मॅडमनी ग्रुपवर जाहीर केलं की ‘श्रमसाफल्य’चं पाणी सर्वांसाठी खुलं आहे, हीच खरी कम्युनिटी. पाइप धरायचं काम अर्थातच वरच्या मुलींचं.

रविवार होता. संगीता कामावर गेली होती. मी मागच्या अंगणात पाइप धरून उभी होते आणि प्रज्ञा रांगेतली भांडी पुढे सरकवत होती. ज्यांनी कधी मान वर करून आमच्याकडे बघितलं नव्हतं ते लोक बादल्या, कुकर, अगदी मुलांच्या अंघोळीचा प्लास्टिकचा टबसुद्धा घेऊन उभे होते. सगळे फार गोड बोलत होते.

मग नलिनीकाकूही आल्या. घरातले सगळे महाबळेश्वरला गेले होते, कामवाली खड्ड्याचं निमित्त सांगून आली नव्हती. काकू एकट्याच, हातात दोन स्टीलच्या बादल्या. प्रज्ञाला बघून त्या जरा थांबल्या, मग माझ्या बाजूने आल्या आणि बादल्या स्वतःच पाइपखाली ठेवल्या. मी भरल्या. काकूंनी एक उचलून बघितली. जेमतेम वीतभर उचलली आणि परत टेकवली. कमरेला हात लावून उभ्या राहिल्या.

"वैशाली, तू जरा आणून देतेस का गं घरापर्यंत?"

मागे अजून माणसं होती. "पाइप सोडता येणार नाही काकू," मी म्हटलं.

काकू इकडेतिकडे बघायला लागल्या. रांगेतल्या कुणीही हालचाल केली नाही. प्रज्ञाने हातातली कळशी खाली ठेवली, ओढणी कमरेला खोचली, दोन्ही बादल्या उचलल्या आणि चालायला लागली. काकू तिच्यामागून लगबगीने गेल्या. भिंतीपलीकडून मला काकूंचा आवाज येत होता. "इथे ठेव. इथे, व्हरांड्यात ठेवलीस तरी चालेल. अगं, मी नेते आत." प्रज्ञाचा आवाज आला नाही. मग काकूंच्या घराचं जाळीचं दार उघडल्याचा आवाज आला.

थोड्या वेळाने ती परत आली. दोन्ही हात मोकळे, बाह्या ओल्या.

"आतपर्यंत नेल्यास?" मी विचारलं.

"स्वयंपाकघरात."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही."

तिने ओढणी सोडून हात पुसले, खाली ठेवलेली कळशी उचलली आणि पुढच्या माणसाच्या भांड्याकडे वळली. मग जराशी थांबून म्हणाली, "ओटा फार चिकट आहे गं त्यांचा."